फॉर्ममधला भाषेचा रकाना

नीटचा फॉर्म भरायच्या आधी पुंडलिकनगरातली एक मुलगी अम्मीला घेऊन आमच्याकडे आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, स्वप्न घाटीच्या मेडिकल कॉलेजचं. अम्मी म्हणाल्या, "आता पेपर उर्दूतही मिळतो ना, मग तोच घेऊ द्या."

मिळतो, खरं आहे. २०१७ च्या नीटमध्ये मराठी होती, उर्दू नव्हती. सुप्रीम कोर्टात दाद मागितल्यावर २०१८ पासून ती आली. हक्क मोलाचाच. आम्ही स्वतः उर्दू शिकवतो, आम्हाला आनंद का नसेल? पण अकरावी-बारावीचं सायन्स हिने इंग्रजीतून केलेलं. थर्मोडायनॅमिक्सला उर्दूत 'हर-हरकियात' म्हणतात, हे तिने आमच्याकडेच पहिल्यांदा ऐकलं. एक उत्तर चुकलं की चार गुण हुकतात आणि वर एक कापला जातो. उर्दू पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही असतो, पण दोन्ही वाचायला वेळ कुठून आणायचा?

आम्ही तिला जुना उर्दू पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगितलं. बायोलॉजी बरी गेली. फिजिक्समध्ये मात्र ओळीओळीला इंग्रजीकडे वळावं लागलं. शेवटी रकान्यात तिने इंग्रजी निवडली.

अम्मी अजून थोड्या नाराज आहेत.