भुक्कीपासून सुईपर्यंत



आज एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. हा प्रश्न मला माझ्या जुन्या युनिटमधल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी विचारला होता. गाव पंजाबात, फिरोजपूरच्या बाजूला. त्यांचा धाकटा मुलगा चोविसाव्या वर्षी गेला. मी भेटायला गेलो, तेव्हा अंगणात खाटेवर बसून ते म्हणाले, "साहब, मेरे बापू सारी उम्र भुक्की खाते रहे, अस्सी के होकर गए. लड़का दो साल में कैसे चला गया?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारलं. जे समजलं ते सांगतो.

भुक्की म्हणजे अफूच्या बोंडाचा सुकवलेला भुगा. राजस्थानात त्याला डोडा-पोस्त म्हणतात. पंजाबात कापणी-मळणीच्या दिवसांत लोक तो पाण्याबरोबर घेत किंवा चहात उकळून पीत. त्यात मॉर्फिन असतं, पण थोडं. शिवाय पोटातून रक्तात जायला वेळ लागतो. व्यसन त्याचंही लागतं, यात शंका नाही. पण माणूस एका दमात मरेल एवढं ते पोटात जाणं अवघड. हेरॉइन त्याच झाडापासून बनतं, पण कैक पटींनी तीव्र. पंजाबात त्याला चिट्टा म्हणतात, म्हणजे पांढरा.

मग भुक्की जाऊन चिट्टा का आला? फौजी माणूस आधी रसद बघतो. भुक्कीचं पोतं लपवायला ट्रक लागतो, चिट्ट्याची पुडी खिशात मावते. पोलिसांचा दबाव वाढला की तस्कर साहजिकच कमी जागेत जास्त नशा मावेल असा माल निवडतो. त्यात राजस्थानातली डोडा-पोस्तची परवानाधारक दुकानं २०१५-१६ च्या सुमारास बंद झाली. हेतू चांगला होता. पण ज्यांना रोजची सवय होती, त्यांच्या उपचाराची सोय त्या प्रमाणात झाली नाही. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, तसं झालं.

आता सुई कुठून आली? चिट्टा सुरुवातीला पन्नीवर जाळून धूर ओढतात. त्यात बराच माल हवेत जातो. काही महिन्यांत शरीर सरावतं, तेवढ्याच मात्रेने काही होत नाही. मात्रा वाढते, खर्च वाढतो. वेळेवर मिळालं नाही तर आठ-दहा तासांत नाक वाहू लागतं, हाडं ठणकतात, जुलाब होतात, झोप उडते. या टप्प्यावर मुलगा मजेसाठी नशा करत नसतो, हा त्रास टाळण्यासाठी करत असतो. मग कोणीतरी सांगतो, सुईने घे, निम्म्यात भागेल. नसेत दिलेलं काही वाया जात नाही आणि काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. म्हणजे सुईकडे ढकलणारी गोष्ट बहुतेक वेळा पैशांची तंगी असते.

खेड्यात पुढची अडचण नव्या सिरिंजची. औषधाचं दुकान एकच, दुकानदार काकांच्या ओळखीचा. मागायची लाज वाटते. मग मोटरच्या खोलीत एकच सिरिंज तिघं-चौघं वापरतात. त्यातून हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पसरतो. मणिपूरने हे आधीच भोगलं आहे. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन येत होतं, सुई सर्रास होती, आणि १९८९-९० मध्ये अवघ्या काही महिन्यांत तपासलेल्या सुईवाल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली.

हे फक्त सीमेवरच्या राज्यांचं दुखणं आहे असं समजू नका. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख आहेत. जास्त संख्या असलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही आहे.

आता सुभेदारसाहेबांचा मुलगा. त्याला एका खाजगी केंद्रात दीड महिना कोंडून ठेवलं होतं. तो बरा होऊन आला असं घरच्यांना वाटलं. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो गेला. कारण असं की, नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, पण तलफ उतरत नाही. पूर्वीचीच मात्रा घेतली की श्वास थांबतो. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे.

याला इलाज आहे. ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवतात. त्रास थांबतो, तलफ आटोक्यात येते, माणूस कामावर जाऊ शकतो. पंजाबने २०१७ पासून यासाठी बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. सुईवाल्यांसाठी नॅकोची केंद्रं आहेत, तिथे स्वच्छ सिरिंजही मिळते. काही जण म्हणतात, ही तर एक नशा सोडून दुसरी. मीही तसंच म्हणायचो. पण मधुमेहाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. उपचार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. तो मध्येच तोडू नये.

पोलिसांची भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात.

कोणी बेशुद्ध पडला, श्वास मंद झाला, ओठ निळे पडले, तर कुशीवर वळवा, ११२ किंवा १०८ ला फोन करा, आणि काय घेतलं आहे ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. सल्ल्यासाठी सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १४४४६.

हे सगळं मी सुभेदारसाहेबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "साहब, हमने तो समझा था कि ताला लगाने से ठीक हो जाएगा." तुमच्या ओळखीत कोणी असं कुलूप लावायच्या तयारीत असेल, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

जय हिंद.