हेड गॅस्केटची नाहक बदनामी

टोयोटा सुप्राचा विषय निघाला की गाडीवेडी माणसं २जेझेड-जीटीई इंजिनाचे गोडवे गायला लागतात. १९९३ पासूनच्या सुप्रामधलं हे इंजिन. आतले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवून लोकांनी त्यातून कारखान्याने दिली त्याच्या दुप्पट ताकद काढली, तरी ते तगलं. त्याच्या आधीच्या सुप्रातल्या ७एम-जीटीईचं नाव काढा, हीच माणसं हसतात आणि म्हणतात, "ते ना? गॅस्केट उडवणारं."

कागदावर दोन्ही इंजिनांत फारसा फरक दिसत नाही. दोन्ही तीन लिटरची, एका ओळीत सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह, बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, दोघांमधली फट बंद करायला गॅस्केट आणि जोडीला टर्बो. ७एम-जीटीई १९८६ साली आलं. टर्बोचा दाब जेमतेम अर्धा बार, अमेरिकेतल्या गाड्यांना ताकद २३० अश्वशक्तीच्या आसपास. १९८८ मध्ये ग्रुप ए शर्यतींची अट पूर्ण करायला टोयोटाने याच इंजिनाची जास्त ताकदीची 'टर्बो ए' गाडी काढली, ५०० नग. तेव्हा इंजिन अंगाने दुबळं होतं असं कोणी म्हणू नये. तरीही या गाड्या पाणी आणि ऑइल एक करून गॅरेजात यायच्या. हेड उतरवायचं, नवं गॅस्केट टाकायचं, मॅन्युअलमधल्या आकड्याला बोल्ट आवळायचे, गिऱ्हाइकाला चावी द्यायची. आणि काही काळाने तीच गाडी, तेच दुखणं.

मॅन्युअलमधला तो आकडा होता ५८ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ७८ न्यूटन-मीटर. पुढे या इंजिनावर हात बसलेल्यांनी तो सोडून दिला आणि बोल्ट ७० ते ७५ फूट-पाउंडपर्यंत आवळायला सुरुवात केली. गॅस्केट बदललं नाही, हेड बदललं नाही, ब्लॉक तर नाहीच नाही. पान्हा थोडा जास्त ओढला आणि कित्येक गाड्यांचं दुखणं थांबलं. टर्बो इंजिनाचं हेड कसं सील होतं हे समजून घ्यायचं तर मला हे उदाहरण सगळ्यांत सोयीचं वाटतं, कारण त्यात गॅस्केटचा दोष सर्वांत कमी आहे.

आधी जोर किती लागतो ते पाहू. ७एमच्या सिलिंडरचा व्यास ८३ मिमी, क्षेत्रफळ ५४ चौरस सेंटिमीटर. टर्बोचा दाब वाढवलेल्या इंजिनात मिश्रण पेटल्यावर आतला दाब क्षणभर १०० बारपर्यंत जातो असं धरलं, तर एकेक सिलिंडर हेडला साडेपाच टनांच्या जोराने वर ढकलतो. इंजिन ६,००० फेऱ्यांवर असेल तर हा धक्का दर सेकंदाला ५० वेळा, प्रत्येक सिलिंडरमधून. हेडला खाली धरून ठेवणारे बोल्ट अवघे चौदा.

आतून झाकण बसणाऱ्या कुकरमध्ये वाफ जितकी कोंडेल तितकं झाकण रबरी रिंगवर घट्ट दाबलं जातं. तिथे दाब स्वतःच सील करतो. इंजिनात हाच दाब सील उघडायला बघतो. म्हणून हेड आणि ब्लॉक आधीच इतके आवळून ठेवावे लागतात की वर ढकलणारा जोर कमाल असतानाही गॅस्केटवर थोडा दाब शिल्लक राहील. तो शिल्लक दाब संपला की हेड काही मायक्रॉन उचललं जातं आणि तेवढ्या फटीतून पेटता वायू कापत जातो. एकदा वाट पडली की ती रुंदावतच जाते. टर्बोवाल्यांची गोची अशी की बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवणं एका स्क्रूचं काम. बोल्ट मात्र कारखान्यातून आले तेवढ्याच ताणावर बसलेले असतात.

हा ताण येतो कुठून? बोल्ट आवळताना तो लांब होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पोलाद ताणलं जातं आणि परत आखडायला बघतं. त्याच्या त्या ओढीने हेड ब्लॉकवर दाबलेलं राहतं. सील करण्याचं खरं काम हे. आता टॉर्क रेंच काय मोजतो पाहा. बोल्ट किती ताणला गेला ते तो मोजत नाही, फिरवायला किती जोर लागला तेवढंच सांगतो. आणि त्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांमध्ये, उरलेला १० टक्के बोल्ट ताणतो. आटे कोरडे असले, त्यात जुनी घाण असली, वॉशरवर गंज असला की रेंच 'टक्' करून ७५ दाखवतो आणि बोल्ट ५० च्या लायकीचा ताणलेला असतो. उलट आट्यांना मॉलिब्डेनमचं वंगण लावलं तर त्याच आकड्याला ताण कितीतरी जास्त येतो. म्हणून कुठलं वंगण धरून आकडा दिलाय हे न वाचता नुसता आकडा पाठ करणारा मेकॅनिक मला धोक्याचा वाटतो.

२जेझेडमध्ये टोयोटाने हा घोळ बाजूला ठेवला. तिथे बोल्ट आधी ३४ न्यूटन-मीटरला बसवायचा, मग ९० अंश फिरवायचा, मग आणखी ९० अंश. कोनात फिरवलं की घर्षण कमी असो वा जास्त, आट्याच्या पिचप्रमाणे बोल्ट ठरावीकच पुढे सरकतो, आणि ताण त्या हिशेबाने येतो. शिवाय त्यात कारखान्यातूनच पोलादी पत्र्यांचं गॅस्केट होतं. २जेझेडच्या दंतकथेतला मोठा वाटा या दोन नीरस गोष्टींचा आहे. पण पोस्टरवर कोणी बोल्ट छापत नाही.

बोल्टनंतर उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. सहा सिलिंडरचं हेड साठ सेंटिमीटर लांब धरा आणि तापमान ८० अंशांनी वाढलं असं समजा: हेड मोकळं असतं तर एक मिलिमीटरहून थोडं जास्त लांबलं असतं, ब्लॉक अर्धा मिलिमीटर. बोल्टनी दोघांना जखडलेलं असल्याने एवढी हालचाल होत नाही, पण प्रयत्न तर चालूच असतो. गाडी तापते, निवते, पुन्हा तापते, आणि दर वेळी हेड गॅस्केटच्या पाठीवर किंचित घासतं. ओळीत सहा सिलिंडर असलेल्या इंजिनात दोन टोकांना ही घसट सर्वाधिक.

जुन्या पद्धतीचं कॉम्पोझिट गॅस्केट ही घसट आणि पृष्ठभागाचा थोडाफार खडबडीतपणा खपवून घेतं. आत छिद्रं पाडलेला पोलादी पत्रा, दोन्ही बाजूंना ग्राफाइटसारखं मऊ अस्तर, सिलिंडरच्या भोकाभोवती धातूची फायर रिंग. गरिबाघरचं हेड थोडं वाकडं असलं तरी ते निभावून नेतं. पण मऊ वस्तू दाबाखाली आणि उष्णतेत हळूहळू बसत जाते. ती जितकी बसली तितका बोल्ट सैल झाला. ७एममध्ये ताण मुळातच कमी होता. त्यातून हे बसणं वजा केल्यावर हाती काय राहणार? म्हणून कॉम्पोझिट गॅस्केटवर इंजिन एकदा तापवून बोल्ट पुन्हा आवळायची रीत होती.

एमएलएस, म्हणजे एकावर एक पोलादी पत्रे रचलेलं गॅस्केट, वेगळ्या स्वभावाचं. स्प्रिंगसारख्या कडक स्टेनलेस पत्र्यांवर प्रत्येक भोकाभोवती उठावाची कड पाडलेली असते, बाहेरच्या पत्र्यांवर रबराचा अतिशय पातळ लेप. हेड काही मायक्रॉन उचललं तर ही कड त्याच्यामागे वर येते आणि परत दबते. पुष्कळशा हालचालीत सील सुटत नाही. बदल्यात ते पृष्ठभागाबद्दल कमालीचं चिकित्सक असतं. रबराचा लेप केवळ काही मायक्रॉन जाडीचा, त्याने भरून निघतील एवढेच ओरखडे चालतात. जुन्या मशीनवर जाड कापाने फेसिंग मारलेलं हेड आणून त्यावर महागडं धातूचं गॅस्केट ठेवलं की पहिल्याच आठवड्यात पाणी झिरपायला लागतं आणि मालक गॅस्केट बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालतो.

तिसरा शत्रू नॉकिंग, आणि माझ्या मते टर्बो इंजिनात तो पहिल्या दोघांपेक्षा भारी. ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना टोकाला उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णता सहन न होऊन एकदम आपोआप पेटतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात; ८३ मिमी व्यासात त्यांची वारंवारता सेकंदाला सहा-सात हजार कंपनांच्या घरात असते, आणि ब्लॉकवरचा नॉक सेन्सर तेवढ्याच आवाजाला कान लावून बसलेला असतो. या लाटा फायर रिंगवर घणासारख्या पडतात. कमी ऑक्टेनचं पेट्रोल, तापलेली हवा, ठिणगीची वेळ फार पुढे, पेट्रोल कमी पडणं, यांपैकी काहीही कारण पुरतं. अशा इंजिनात जगातलं सर्वांत चांगलं गॅस्केट घातलं तरी काय होणार? तिथे ट्यूनिंग दुरुस्त करायचं, आणि गॅस्केट टिकलंच तर पुढे पिस्टन जाईल हे समजून असायचं.

आपल्याकडे गॅरेजात येणाऱ्या बहुतेक उडालेल्या गॅस्केटांमागे अर्थात एवढी शास्त्रोक्त कारणं नसतात. घाटात काटा लाल रेषेला टेकलेला असतो आणि "वर चढू, मग बघू" म्हणून गाडी तशीच रेटलेली असते. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्यात वाकतं.

हेड उतरवल्यावर नजर आधी पिस्टनांवर टाकावी. पाच पिस्टन काजळीने काळे आणि एक धुऊन पुसल्यासारखा चकचकीत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं. वाफेने काजळी काढून टाकली. मग गॅस्केट उजेडात धरायचं. दोन सिलिंडरांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर किंवा भोकापासून पाण्याच्या वाटेकडे गेलेली करडी-काळी रेघ सापडते, फायर रिंग तिथे चेपलेली किंवा करपलेली. हेड उतरवण्याआधीही शंका फिटवता येते. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी धरतात. कूलंटमधून जळका वायू येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळट होतो. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसला, तर संशय आणखी बळावतो.

पुढचं काम वेळखाऊ आहे आणि घाई तिथेच होते. स्ट्रेट एज हेडवर आडवा, उभा, तिरका ठेवून खाली फिलर गेज सरकवायचं, ०.०५ मिमीची पाती शिरली तर फेसिंग. ब्लॉकचंही तसंच, पण ब्लॉक काढून मशीनवर चढवायचा म्हणजे सगळं इंजिन खोलणं आलं, म्हणून तो टाळला जातो आणि अर्धी कामं तिथेच बिघडतात. जुनं गॅस्केट खरवडायला फिरती घासणी लावणारे बरेच दिसतात. तिच्यातून सुटलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कण ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतो आणि गॅस्केट वाचवता वाचवता क्रँक जातो. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर तेही घातक. द्रव दबत नाही, बोल्ट त्यावर टेकतो, रेंच टक् करतो, आणि बीड तडकतं. भोकं वाऱ्याने साफ करायची, आट्यांतून टॅप हाताने फिरवायचा, मग मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेला, तीन टप्प्यांत आवळायचं.

जास्त ताकद हवी असणारे बोल्टऐवजी एआरपीसारख्या कंपनीचे क्रोमोली स्टड लावतात. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसवतात आणि वरचा नट आवळतात, त्यामुळे ब्लॉकचे आटे घासले जात नाहीत आणि पोलाद पिळवटण्याऐवजी सरळ ओढलं जातं. ड्रॅग शर्यतींतले लोक याच्याही पुढे जाऊन तांब्याचा पत्रा तापवून मऊ करून गॅस्केट म्हणून वापरतात; भोकाभोवती खोबणीत बसवलेली पोलादी तार त्या तांब्यात रुतते. वायू बाहेर पडत नाही, पाणी मात्र हमखास झिरपतं. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरांना त्याचं काही नाही, कारण त्यांच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटाच नसतात.

सगळ्यांत सरळ उत्तर अमेरिकेतल्या ऑफेनहाउझर इंजिनाकडे होतं. त्यात हेड आणि सिलिंडर एकाच ओतकामात, म्हणजे मध्ये सांधाच नाही. १९६८ मध्ये बॉबी अन्सरने इंडियानापोलिस ५०० जिंकली ती टर्बो लावलेल्या ऑफेनहाउझरवर, आणि टर्बो इंजिनाचा त्या शर्यतीतला तो पहिला विजय. त्यानंतर बूस्ट वाढत गेला, पण हेड उचललं जाण्याचा प्रश्नच नव्हता. किंमत मेकॅनिकने मोजली: व्हॉल्व्हचं काम करायचं तर ते सिलिंडरच्या तळातून, अंधारात हात घालून. रोज बाजारात जाणाऱ्या गाडीला हे परवडत नाही, म्हणून सांधा राहिला आणि गॅस्केटही.

७एम-जीटीई आजही चालवणारे आहेत. त्यांचा शिरस्ता आता ठरलेला आहे: ब्लॉक आणि हेड दोन्हींना बारीक फेसिंग, एचकेएस किंवा कॉमेटिकचं धातूचं गॅस्केट, स्टड, आणि ठिणगीच्या वेळेची नीट मांडणी. एवढं केल्यावर मूळच्या दुप्पट बूस्टवरही हेड जागचं हलत नाही. त्यानंतर हे इंजिन तक्रार करतं ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची.