चारही पट्ट्यांसाठी लढलेला गोवोता

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपदाचे मोठे पट्टे चार: डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीओ. चार संघटना आणि प्रत्येकीचा आपापला जगज्जेता. हेवीवेटमध्ये या चारही पट्ट्यांसाठी रिंगमध्ये उतरलेला एक पोलिश बॉक्सर आहे आणि चारांपैकी एकही पट्टा त्याच्या कमरेला लागला नाही. तरी त्याची लढत असली की पोलंड जागाच असायचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजतात तेव्हा वॉर्सात पहाटेचे चार झालेले असतात. तेवढ्या पहाटे घराघरांत टीव्ही सुरू व्हायचे ते या गड्यासाठी.

नाव आंजेय गोवोता. अमेरिकेत त्याला अँड्र्यू गोलोटा म्हणतात. जन्म ५ जानेवारी १९६८, वॉर्सा. उंची १९३ सेंटिमीटर. कारकिर्दीचा हिशेब असा: ४१ विजय, ९ पराभव, १ बरोबरी, १ लढत रद्दबातल. ४१ पैकी ३३ विजय प्रतिस्पर्ध्याला वेळेआधीच गारद करून मिळवलेले.

खरी गंमत त्या ९ पराभवांत आहे. त्यातल्या तीन लढती थांबल्या त्या क्षणी गुणपत्रिकेवर गोवोताच पुढे होता! एवढ्या उंचीवर पोहोचलेला आणि जिंकत असताना इतक्या वेळा हरलेला दुसरा हेवीवेट शोधून सापडायचा नाही.

सोलमध्ये तिघे

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ९१ किलोच्या हेवीवेट गटात वीस वर्षांचा गोवोता उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि यजमान कोरियाच्या बेक ह्यून-मानकडून हरला. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, तसं त्यालाही मिळालं. त्याच स्पर्धेत ९१ किलोच्या वरच्या, म्हणजे सुपर हेवीवेट गटात अंतिम सामना कोणाचा झाला ठाऊक आहे? कॅनडाकडून खेळणारा लेनॉक्स लुईस आणि अमेरिकेचा रिडिक बोव यांचा. लुईसने सुवर्ण नेलं. पुढे व्यावसायिक रिंगमध्ये हे दोघेही गोवोतासमोर उभे राहणार होते.

गोवोता घडला ती पोलंडची हौशी बॉक्सिंगची शाळा एके काळी युरोपात दरारा बाळगून होती. प्रशिक्षक फेलिक्स स्टाम यांच्या हाताखाली १९५३ ची युरोपियन स्पर्धा वॉर्सातच झाली तेव्हा दहा वजनगटांपैकी पाच सुवर्णं पोलंडने घेतली, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तीन. कम्युनिस्ट राजवटीत व्यावसायिक बॉक्सिंगला जागाच नव्हती, म्हणून सगळं कसब हौशी रिंगमध्येच घासलं जायचं. गोवोताचा डाव्या हाताचा सरळ, लांब जॅब ही याच शाळेची देणगी. तो खेळायचा लेगिया वॉर्सा या क्लबकडून, म्हणजे मुळातल्या लष्कराच्या क्लबकडून.

१९९० मध्ये व्होत्स्वावेक शहरातल्या एका बारमध्ये मारामारी झाली, प्रकरण कोर्टापर्यंत जायची चिन्हं दिसू लागली, आणि खटल्याची ती टांगती तलवार डोक्यावर असतानाच गोवोता अमेरिकेला गेला. शिकागोला. पोलंडबाहेरची पोलिश माणसांची फार मोठी वस्ती तिथे आहे. शिकागो ज्या राज्यात येतं त्या इलिनॉयमध्ये मार्चमधला पहिला सोमवार हा कझिमिएश पुवास्की या पोलिश सेनानीच्या नावाने पाळला जातो. अशा शहरात गोवोताने आधी ट्रक चालवला आणि १९९२ पासून पैशांसाठी ठोसे मारायला सुरुवात केली.

टायसनच्या आधीचा चावा

माइक टायसनने इव्हँडर होलीफिल्डचा कान चावला तो जून १९९७ मध्ये, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या दोन वर्षं आधी, मे १९९५ मध्ये अटलांटिक सिटीत, सॅमसन पोउहाशी लढताना अडचणीत आलेल्या गोवोताने त्याला मानेपाशी चावा घेतला होता. पुढच्याच फेरीत त्याने पोउहाला बाद केलं आणि विजयाच्या गडबडीत चावा विसरला गेला. १९९६ च्या मार्चमध्ये डॅनेल निकल्सनला त्याने डोकं मारलं. ती लढतही जिंकली. हे निकल्सनचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

११ जुलै १९९६, मॅडिसन स्क्वेअर गार्डन

समोर रिडिक बोव, माजी जगज्जेता. डिसेंबर १९९२ मध्ये लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकणारा तो हाच. तोवर कारकिर्दीत तो फक्त एकदा हरलेला. गोवोता २८ लढती अपराजित, पण न्यूयॉर्कमध्ये त्याला कोण ओळखतं? बोवने तयारीही अर्धवटच केलेली. तो कधी नव्हे इतका जड होऊन आला होता.

पहिल्या फेरीपासून गोवोताचा जॅब बोवच्या तोंडावर आदळू लागला. बोवचं डोकं मागे जायचं, तो पुढे यायचा, पुन्हा जॅब. मग उजवा. मग पोटात हुक. सोलमध्ये ९१ किलोत खेळणारा मुलगा आता ११० किलोचा झाला होता, आणि तरी पाय हलके. बघणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

आणि मग हुक खाली जायला लागले.

बॉक्सिंगमध्ये बेंबीच्या रेषेखाली ठोसा मारायचा नाही. मारला तर रेफरी आधी ताकीद देतो, मग गुण कापतो, मग थेट अपात्र ठरवतो. रेफरी वेन केली यांनी हे सगळं क्रमाने केलं. ताकीद दिली, चौथ्या फेरीत एक गुण कापला, सहाव्यात दुसरा, सातव्यात तिसरा. तीन गुण जाऊनही गोवोता पुढेच होता, म्हणजे बोव किती मागे पडला असेल बघा. आता गोवोताला नुसतं उभं राहायचं होतं. सातव्याच फेरीत त्याने पुन्हा पट्ट्याखाली ठोसा हाणला, बोव कोसळला आणि केली यांनी लढत थांबवली. गोवोता अपात्र.

पुढची काही मिनिटं बॉक्सिंगच्या इतिहासातली फार वाईट मिनिटं आहेत. बोवच्या गोटातली माणसं रिंगमध्ये घुसली. एकाने हातातल्या फोनने गोवोताच्या डोक्यावर वार केले. डोकं फुटलं, टाके पडले. त्याचे चौऱ्याहत्तर वर्षांचे प्रशिक्षक लू डूवा गर्दीत कोसळले आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. प्रेक्षकांत बोवचे चाहते आणि पोलिश चाहते एकमेकांवर तुटून पडले, खुर्च्या उडाल्या. पुरेसे पोलीस येईपर्यंत गार्डन दंगलखोरांच्या ताब्यात होतं.

पुन्हा तेच

१४ डिसेंबर १९९६ ला अटलांटिक सिटीत फेरलढत. बोव या वेळी वजन उतरवून आला होता. दुसऱ्या फेरीत गोवोताने त्याला खाली पाडलं, चौथ्यात बोवने गोवोताला, पाचव्यात पुन्हा गोवोताने बोवला. इतकं झोंबलेले दोन हेवीवेट क्वचित पाहायला मिळतात. आधी डोकं मारल्याबद्दल आणि मग खालच्या ठोशाबद्दल गोवोताचे गुण गेले, तरी आघाडी त्याचीच. नववी फेरी संपत आली होती, घंटा वाजणारच होती. तेवढ्यात पट्ट्याखाली एकामागोमाग एक ठोसे. रेफरी एडी कॉटन यांनी हात हलवला. अपात्र!

कुणी म्हणतं दमला होता, कुणी म्हणतं स्वभावच तसा. मला वाटतं, आघाडी सांभाळण्याचं ओझं त्याला ठोशांपेक्षा जड जायचं. मागे असताना तो शांत असायचा. विजय हाताशी आला की त्याचा ताबा सुटायचा.

रेकॉर्ड सांगतं की दोन्ही लढती बोवने जिंकल्या. पण त्यानंतर बोव जवळजवळ आठ वर्षं रिंगमध्ये दिसला नाही. फेरलढतीनंतरच्या मुलाखतीतच त्याची जीभ जड झालेली ऐकू येत होती. १९९७ च्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला आणि काही दिवसांतच घरी परतला. त्या दोन रात्रींनी खरं कुणाला संपवलं, हे रेकॉर्डमध्ये लिहिलेलं नाही.

पट्टे एकामागून एक

४ ऑक्टोबर १९९७, डब्ल्यूबीसीचा पट्टा, समोर लुईस. ९५ सेकंदांत खेळ खलास. लढतीआधी गोवोताच्या गुडघ्यात बधिर करणारं इंजेक्शन दिलेलं होतं, आणि लढतीनंतर ड्रेसिंग रूममध्ये तो कोसळला. त्याला हॉस्पिटलात हलवावं लागलं.

बाकीचे तीन पट्टे तेरा महिन्यांत. एप्रिल २००४, आयबीएफ, क्रिस बर्ड. एका पंचाने गोवोताला विजयी ठरवलं, दुसऱ्याने बर्डला, तिसऱ्याने दोघांना समसमान गुण दिले. बरोबरी झाली की पट्टा जगज्जेत्याकडेच राहतो. नोव्हेंबर २००४, डब्ल्यूबीए, जॉन रुईझ. गोवोताने दुसऱ्याच फेरीत त्याला दोनदा आडवा केला. त्या रात्री गुण कापला गेला तो रुईझचा, आणि आरडाओरड्याबद्दल आठव्या फेरीत रेफरीने बाहेर काढलं ते रुईझच्या प्रशिक्षकाला. गोवोता अगदी नियमात खेळला. पंचांनी निकाल दिला रुईझच्या बाजूने. पोलिश चाहते आजही या निकालावर तावातावाने बोलतात आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

मग मे २००५, डब्ल्यूबीओ, लॅमन ब्रूस्टर. शिकागो, म्हणजे घरचंच मैदान, लाल-पांढरे झेंडे सगळीकडे. ब्रूस्टरने त्याला तीनदा खाली पाडलं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.

ज्याला पळपुटा म्हणाले

नोव्हेंबर १९९९ मध्ये अपराजित मायकेल ग्रँटला त्याने पहिल्याच फेरीत दोनदा पाडलं होतं. नऊ फेऱ्या आघाडी. दहाव्या फेरीत स्वतः खाली गेला, उठला आणि रेफरीने विचारल्यावर पुढे लढायला नकार दिला. या नकाराची चर्चा थांबायच्या आत २० ऑक्टोबर २००० ला डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्स इथे समोर आला टायसन. चावणारे दोघे एकाच रिंगमध्ये म्हणून जाहिरातबाजी जोरात होती. पहिली फेरी संपता संपता टायसनच्या उजव्याने गोवोताला खाली पाडलं. दुसरी फेरी त्याने कशीबशी काढली आणि कोपऱ्यात जाऊन सांगितलं, बस. प्रशिक्षक अल सर्टो त्याच्या तोंडात माउथपीस कोंबू पाहत होते, पुन्हा जा म्हणून ओरडत होते. तो ऐकेना. बाहेर जाताना प्रेक्षकांनी त्याच्यावर पेयांचे पेले भिरकावले. भित्रा, पळपुटा, काय काय म्हणाले.

शिकागोच्या हॉस्पिटलात तपासणी झाली तेव्हा कळलं, डाव्या गालाचं हाड मोडलं होतं, मेंदूला धक्का बसला होता आणि मानेच्या मणक्यांमधली चकती सरकली होती. अशा मानेवर टायसनचा आणखी एक हुक बसला असता तर? हिंमत नाही म्हणून नव्हे, शरीर ओरडून सांगत होतं म्हणून तो थांबला, असं मी ठामपणे म्हणतो. पुढे टायसनच्या चाचणीत गांजा सापडला आणि लढतीचा निकालच रद्द झाला. गोवोताच्या रेकॉर्डवरची ती १ रद्दबातल लढत हीच.

इकडचं तिकडचं

जून २००५ मध्ये टायसनला त्याच्या शेवटच्या अधिकृत व्यावसायिक लढतींपैकी एकीत हरवलं आयर्लंडच्या केव्हिन मॅकब्राइडने. २००७ मध्ये त्याच मॅकब्राइडला गोवोताने सहाव्या फेरीत गारद केलं.

नोव्हेंबर २००८ मध्ये तो चीनमधल्या चेंगडू शहरात रे ऑस्टिनशी लढायला गेला आणि पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटला. ज्या हाताने नाव कमावलं तोच हात.

२४ ऑक्टोबर २००९ ला वुच शहरात तोमाश आदामेकशी गाठ पडली. दोन पोलिश दिग्गज, सगळा देश टीव्हीसमोर. लहान वजनगटांतून वर आलेल्या आदामेकने पाचव्या फेरीत काम संपवलं.

२०१० मध्ये गोवोता पोलिश टीव्हीवर ताऱ्यांच्या नाचाच्या स्पर्धेत उतरला, सूटबूट घालून.

फेब्रुवारी २०१३ मधली शेवटची अधिकृत लढत प्शेमिस्वाफ सालेताशी झाली. दोघेही पंचेचाळिशीच्या घरातले. सालेताने २००७ मध्ये आपलं एक मूत्रपिंड मुलीला दिलं होतं, म्हणजे एका मूत्रपिंडावर तो हेवीवेट लढत खेळला आणि सहाव्या फेरीत जिंकलाही! ती झाली एर्गो अरेनात. हे सभागृह ग्दान्स्क आणि सोपोत या दोन शहरांच्या हद्दीवर बरोबर मधोमध आहे.

आणि निरोपाची प्रदर्शनीय लढत, ऑक्टोबर २०१४, चेंस्तोहोवा. समोर कोण? डॅनेल निकल्सन. १९९६ मध्ये ज्याला डोकं मारलं, तोच निरोपाला आला.

पोलंडला हेवीवेटचा जगज्जेता अजून मिळालेला नाही. गोवोतानंतर अल्बर्ट सोस्नोव्स्की, आदामेक, मारिउश वाख, आर्तुर श्पिल्का यांनीही प्रयत्न केले.

गोवोताची एकच लढत पाहायला वेळ असेल तर बोवच्या लढती राहू द्या, त्या सगळे दाखवतात. १९ जानेवारी २००८ ची माइक मोलोविरुद्धची पाहा. गोवोताला चाळिसावं वर्ष पूर्ण होऊन दोन आठवडे झालेले. मोलो त्याच्याहून बाराएक वर्षांनी तरुण. लढतीच्या मध्यातच गोवोताचा डावा डोळा सुजून पूर्ण मिटला, त्या बाजूने येणारा ठोसा दिसण्याची सोय उरली नाही. थांबायला कारण होतं, कुणी नावं ठेवली नसती. तो बाराही फेऱ्या उभा राहिला, जॅब मारत राहिला, पट्ट्याच्या वरच मारत राहिला, आणि तिन्ही पंचांनी त्याला विजयी ठरवलं.