जुन्या ट्रॅक्टरचा गिअर

द्राक्षबागेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. दोन ओळींमधली जागा थोडी असते. म्हणून नाशिककडे, सांगलीकडे बरेच बागाईतदार लहान ट्रॅक्टर ठेवतात. ज्याला नवा झेपत नाही, तो जुना घेतो. जुना घेतला की दुरुस्ती आलीच.

समजा, ऑक्टोबरची छाटणी झाली आहे. कोवळी फूट निघाली आहे. वरून पाऊस येतो. डावणी रोगाची भीती असते. फवारणी आजच व्हायला हवी, आणि नेमका आजच गिअर पडत नाही! अशा घाईत कोणी म्हणतं, "गिअरबॉक्स खोलावाच लागेल." आपण मान हलवतो. पैसा जातो, दिवस जातात. पुष्कळदा दोष त्या पेटीत नसतोच. म्हणून आमचं सांगणं एकच आहे. आधी बाहेरून बघा, मग आत शिरा.

गिअर म्हणजे काय?

बैलांनी फिरवायचा उसाचा चरक जुन्या माणसांनी पाहिला असेल. एका चाकाचे दाते दुसऱ्या चाकाच्या दात्यांत अडकतात. एक फिरलं की दुसरं फिरतं. गिअरबॉक्समध्येही अशीच दात्यांची चाकं असतात. समजा, १५ दात्यांचं लहान चाक ४५ दात्यांच्या मोठ्या चाकाला फिरवतं. लहान चाक तीन वेळा फिरेल, तेव्हा मोठं एकदा फिरेल. वेग तिसरा हिस्सा झाला, पण जोर जवळजवळ तिप्पट झाला. म्हणून चढाला आणि नांगराला खालचा गिअर लागतो.

ही चाकं तेलात बुडून फिरतात. तेल कमी झालं की लोखंडावर लोखंड घासतं. मग दाते झिजतात.

आधी काय बघावे?

पहिलं, तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. इंजिन बंद करा. तेल मापायची पट्टी पुसून पुन्हा घाला आणि बघा. तेल खुणेपर्यंत असावं. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं, तर त्यात पाणी शिरलं आहे. ते सगळं काढून टाका. पाणी कुठून शिरलं तेही शोधा. नवं तेल ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलं असेल तेच घाला.

दुसरं, क्लच. क्लच पूर्ण दाबा, क्षणभर थांबा, मग गिअर टाका. तरी खर्र आवाज होतो का? मग बहुधा क्लच पुरता सुटत नाही. पायटा दाबताना सुरुवातीला तो थोडा सैल असतो. ही ढील फार वाढली, तर क्लच सुटत नाही. ढील मुळीच नसली, तर क्लच घसरतो आणि त्याची प्लेट जळते. किती ढील हवी तेही पुस्तकात दिलेलं असतं. ती नट फिरवून बसवता येते. काम पाना घेऊन थोडक्यात होतं.

तिसरं, दांडा. गिअरच्या दांड्याचे सांधे, पिना, भोकं झिजली असतील, तर गिअर नीट बसत नाही.

पेटी केव्हा खोलावी?

गिअर आपोआप निसटतो. चालताना ठरावीक वेळाने टक्-टक् वाजतं. वेग वाढला तसा घूं-घूं आवाज वाढतो. अशा वेळी दोष आत असू शकतो. काढलेलं तेल बघा. बारीक काळसर चिखल थोडा असतोच. पण चकाकते तुकडे निघाले, तर काहीतरी तुटलं आहे. मग ट्रॅक्टर चालवू नका. एक तुकडा दुसरे दाते फोडतो.

आता जाणत्या मिस्त्रीला बोलवा. आपण जवळ उभे राहा. काढलेले भाग काढले त्याच क्रमाने स्वच्छ फडक्यावर मांडा. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पत्र्याच्या पातळ चकत्या कुठल्या बाजूच्या, किती, ते लिहून ठेवा. तुमचं लिहिणं इथं कामाला येईल!

तुटलेला दाता वेल्डिंग करून टिकत नाही. चाक बदलावं. त्याच्या जोडीचं चाक झिजलं असेल, तर तेही बदलावं. पेटी उघडलीच आहे, तर बेअरिंग आणि ऑईल सीलही तपासून घ्यावं. पुन्हा जोडल्यावर इंजिन चालू करण्याआधी हाताने फिरवून बघा. सगळे गिअर एकेक टाकून बघा.

जीव सांभाळा

इंजिन चालू असताना हात आत घालू नका. किल्ली काढून खिशात ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. लाकडी ठोकळे लावा. फिरत्या शाफ्टजवळ धोतराचा सोगा, साडीचा पदर जाऊ देऊ नका. जुनं तेल डब्यात भरा. ते विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका.

जुना ट्रॅक्टर घेतानाही हेच करा. प्रत्येक गिअरमध्ये चालवून बघा. आवाज ऐका. तेल बघा. मगच पैशाला हात घाला.