एक सदोष फाइल अन् ८५ लाख संगणक बंद! आयटीवाले कोडचा ‘फेरफार’ कसा मंजूर करतात? जाणून घ्या

चांदे (ता. मुळशी) : हिंजवडीचा आयटी पार्क आपल्याच मुळशी तालुक्यात. चांदे, नांदे, घोटावडे परिसरातली शिकलेली पोरं तिकडे नोकरीच्या आशेने बघतात, काही लागलीही आहेत. पण ही पोरं दिवसभर लॅपटॉपवर नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं तर घरचे ‘कोड लिहितात’ एवढंच सांगतात. खरं तर त्यांचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासण्यात आणि तो मूळ कामात मिसळण्यात जातो. या तपासणीची साधने आता झपाट्याने बदलत आहेत. त्याचा संबंध आपल्या मोबाईलशी आहे आणि पोरांच्या नोकरीशीही.

सातबाऱ्यासारखीच पद्धत

जमिनीची खरेदी झाली म्हणून सातबारा त्याच दिवशी बदलत नाही. तलाठी आधी फेरफाराची नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर नाव चढते.

कोडचंही तसंच. समजा, पैसे पाठवायच्या ॲपमध्ये एक बदल करायचा आहे. तो थेट मूळ कोडमध्ये करत नाहीत. आधी वेगळ्या प्रतीत करतात आणि ‘हा बदल घ्या’ अशी विनंती टाकतात. तिला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. मग सहकारी ओळ न् ओळ वाचून हरकती लिहितात. याला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. हरकती मिटल्या की बदल मूळ कोडमध्ये मिसळतात, म्हणजेच ‘मर्ज’ करतात.

‘गिट’ आलं कुठून?

हा सगळा हिशेब ठेवणारं साधन म्हणजे ‘गिट’. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते तयार केलं. आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच असतं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली हे गिटमध्ये जुन्या फेरफारांसारखं मागे जाऊन बघता येतं. पुढे २००८ मध्ये ‘गिटहब’ ही वेबसाइट सुरू झाली आणि हे काम ब्राउझरमध्ये करता येऊ लागलं. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ती ७५० कोटी डॉलरला विकत घेतली.

भांडण कुठे होतं?

दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की गिट थांबतं आणि विचारतं, कुणाचं खरं धरायचं? याला ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. हे भांडण निदान समोर दिसतं.

खरा धोका न दिसणाऱ्या भांडणाचा. दूध डेअरीचं ॲप घ्या. एकाने दुधाचं माप लिटरऐवजी मिलिलिटरमध्ये केलं. दुसऱ्याने त्याच वेळी, माप लिटरमध्येच आहे असं धरून नवीन बिल तयार केलं. दोघांचं काम वेगवेगळं तपासलं तर बरोबर, ओळीही वेगळ्या, म्हणून गिट अडवत नाही. एकत्र आलं की मात्र शेतकऱ्याचं बिल हजार पटीने चुकतं.

नवीन काय आलं?

१) मर्ज क्यू, म्हणजे रांग : बदल एकामागे एक रांगेत लागतात. आपल्या पुढचे सगळे बदल मिसळले आहेत असं धरून प्रत्येकाची चाचणी आपोआप होते. नापास झालेला बदल रांगेतून बाहेर निघतो. डेअरीच्या ॲपसारखी चूक इथे सापडू शकते, मात्र बिलाची चाचणी आधी लिहून ठेवलेली हवी. गिटहबने ही सोय २०२३ मध्ये खुली केली. ‘गिटलॅब’मध्ये अशाच सोयीला ‘मर्ज ट्रेन’ म्हणतात.

२) लहान तुकडे : सिस्को कंपनीत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एका वेळी २०० ते ४०० ओळींपेक्षा जास्त कोड वाचायला घेतला की चुका सापडण्याचं प्रमाण घटतं. म्हणून मोठा बदल एकावर एक रचलेल्या छोट्या तुकड्यांत पाठवायची साधने आली आहेत. प्रत्येक तुकडा वेगळा वाचून मंजूर करता येतो.

३) एआयची मदत : गिटहबचा ‘कोपायलट’ २०२५ पासून कोड वाचून शेरेही मारतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही सोय आली ती शेरा मारण्यापुरतीच, मंजुरीसाठी नाही. अंतिम होकार माणसाचाच.

तपासणारंच चुकलं तर?

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभर विमानं रखडली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला. ती फाइल आधी एका प्रोग्रॅमने तपासली होती, पण त्या तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता. शिवाय फाइल थोड्या संगणकांवर आजमावून न बघता सगळीकडे एकदम गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. तरी बंद पडलेले अनेक संगणक माणसांना एकेक करून चालू करावे लागले.

म्हणजे साधन कितीही हुशार असो, डोळे मिटून सही केली की घात होतोच. फेरफार न वाचता प्रमाणित झाला तर भोगतो शेतकरी. कोड न वाचता मर्ज झाला तर भोगतो ॲप वापरणारा.

गावातल्या पोरांसाठी महत्त्वाचं

आता एआय मिनिटात शेकडो ओळींचा कोड लिहून देतं. त्यामुळे लिहिणं स्वस्त झालं, पण तपासायचा ढीग वाढला. हा कोड बरोबर का चूक, हे ओळखणाऱ्या माणसाची गरज कमी झालेली नाही. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्यांनी त्यासाठी आत्तापासून एवढं करावं :

– गिट मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. गिटहबचं खातंही मोफत उघडता येतं.
– कॉलेजचा प्रोजेक्ट दोघा-तिघांनी मिळून गिटवर करा. एकमेकांचा कोड वाचल्याशिवाय मर्ज करू नका.
– हरकत कामावर घ्या, माणसावर नको. ‘तुला जमत नाही’ असं न लिहिता ‘ही रक्कम शून्य आली तर काय होईल?’ असं विचारा.
– पासवर्ड, बँकेची किंवा ग्राहकाची माहिती कोडमध्ये टाकू नका. नंतर पुसली तरी ती गिटच्या जुन्या नोंदींत राहते.
– एआयने दिलेला कोड समजला नसेल तर पुढे पाठवू नका. नोंद तुमच्या नावाने होते, त्यामुळे जबाबही तुम्हालाच द्यावा लागतो.