दुकानाचा फोटो : ऊन आणि सावली एकाच चौकटीत

नवापूर हे महाराष्ट्र-गुजरात सीमेवरचे गाव. रेल्वे फलाटसुद्धा दोन राज्यांत वाटला गेलेला. अशा ठिकाणच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक दोन्हीकडचे असते आणि आज ते माल पाहण्याआधी मोबाईलवर फोटो पाहते. भर दुपारी रस्त्यावरून दुकानाचा फोटो काढला तर पाटी दिसते, पण आतला माल काळोखात जातो. माल दिसावा असे केले तर रस्ता पांढराफटक पडतो. डोळा दोन्ही पाहतो, कॅमेऱ्याला ते एका फोटोत साधत नाही.

यावरील इलाज म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, थोडक्यात एचडीआर. रीत सोपी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवावा आणि एकाच जागेवरून तीन फोटो घ्यावेत : एक नेहमीचा, एक दोन स्टॉप काळपट, एक दोन स्टॉप उजळ. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. बदल फक्त शटरच्या वेगात करावा. नेहमीचा फोटो १/६० सेकंदाचा असेल, तर बाकीचे १/२५० आणि १/१५ चे घ्यावेत. अ‍ॅपर्चर व फोकस हलवू नये.

पुढचे काम संगणकाचे. फोटोशॉपमध्ये २००५ च्या सीएस-२ आवृत्तीपासून 'मर्ज टू एचडीआर' ही सोय आली. 'ल्युमिनन्स एचडीआर' मोफत मिळते. सॉफ्टवेअर तिन्ही फोटो एकमेकांवर बसवते. उन्हाचा तपशील काळपट फोटोतून, सावलीचा उजळ फोटोतून मिळतो. एवढा फरक पडद्यावर वा कागदावर मावत नाही, म्हणून तो आवळावा लागतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. मध्येच कोणी चालत गेले तर त्याची भुतासारखी छाया उरते, तेव्हा रस्ता मोकळा असताना फोटो घ्यावा. मोबाईलमधील एचडीआर हेच काम आपोआप करते.

व्यापारी बंधूंना आम्ही एवढेच सांगू, की टोन मॅपिंगचा हात आवरावा. जोर वाढवला की कडांभोवती पांढरी झाक येते, फिके कापड भडक दिसते, साध्या लाकडाला नसलेली चमक येते. फोटो तयार झाला की माल पडद्याशेजारी धरून रंग ताडून पाहावा. फोटो हाही मालाचा नमुनाच आहे. नमुना एक आणि माल दुसरा, हा व्यवहार खोट्या मापासारखाच. त्यात ना बरकत, ना गिऱ्हाईक परत येण्याची आशा.