तार दात हलवते, रुंद करत नाही

वरच्या मधल्या दोन दातांशेजारचा दात काहींना खुंटीसारखा निमुळता येतो. ब्रेसेसने रांग सरळ होते, पण त्याच्या बाजूची फट बुजवायची तर वरखालच्या दातांचा मेळ बिघडू शकतो.

अमेरिकेतील वेन बोल्टन यांनी १९५८ मध्ये वरखालच्या दातांच्या रुंदीच्या मेळाचं गणित मांडलं. वरखालचे दात नेमके जुळणाऱ्या ५५ जणांची मापं त्यांनी अभ्यासली. खालच्या पुढच्या सहा दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या सरासरी ७७.२ टक्के भरली.

निमुळत्या दातामुळे हे प्रमाण वाढलं, तर त्या दाताला कंपोझिट या भरणद्रव्याचा भर देतात किंवा खालच्या, तुलनेने रुंद दातांच्या कडा किंचित घासतात. तेही मिलिमीटरच्या अंशातच, कारण गेलेलं एनॅमल परत येत नाही. म्हणून तार बसवण्याआधीच डॉक्टरांना दातांच्या रुंदीचं हे प्रमाण जरूर विचारा.